भामेर : किल्ल्याच्या कुशीतले गाव

श्रोतेहो, युरोप खंडाच्या मध्यावर बोहेमिया नावाचा एक जुना मुलूख आहे. आज तो चेक प्रजासत्ताकात मोडतो. त्या मुलुखात किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेली लहान लहान गावे पुष्कळ. त्यांतले एक चेस्की क्रुम्लॉव्ह. व्हल्टावा नदीने गावाला वळसा घातला आहे, आणि वर कड्यावर किल्ला. इ. स. १२५३ च्या कागदात त्या किल्ल्याचे नाव पहिल्याने येते. पुढे रोझेनबर्ग घराणे, १६०२ मध्ये सम्राट दुसरा रुडॉल्फ, १६२२ मध्ये एगेनबर्ग, १७१९ मध्ये श्वार्झेनबर्ग असे धनी बदलत गेले. पण प्रत्येक धन्याने आपले दप्तर सांभाळले. कोणाचे घर कुठे, कोणत्या कोठाराचे भाडे किती, हे आजही तेथे कागद काढून सांगता येते. १९९२ मध्ये युनेस्कोने त्या गावाचा जुना मध्यभाग जागतिक वारशात घातला.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, साक्रीच्या माणसांना बोहेमियाची गोष्ट कशाला? सांगतो. अगदी त्याच घडणीचे एक गाव आपल्या साक्री तालुक्यात आहे. किल्ला आहे, किल्ल्याच्या कुशीत गाव आहे, गावाला जुनी वेस आहे, वरून जाणारा व्यापाराचा रस्ता होता. नाही ते फक्त दप्तर. त्या गावाचे नाव भामेर.

साक्रीहून उत्तरेस निजामपूरच्या बाजूला निघाले की थोड्याच वेळात डाव्या हाताला डोंगर दिसू लागतो. लांबून त्यात विशेष काही वाटत नाही. खानदेशात असे बोडके डोंगर डझनावारी आहेत. जवळ गेल्यावर मात्र ध्यानात येते की हा डोंगर सरळ नाही. बैलाच्या पायाला मारलेल्या पत्रीसारखा नव्हे, घोड्याच्या नालेसारखा तो वाकलेला आहे, आणि त्या नालेच्या पोटात भामेर गाव बसले आहे. तीन अंगांनी डोंगर, एका अंगाने उघडी वाट. ज्या कोणी ही जागा पहिल्याने हेरली, त्याला डोळे होते यात शंका नाही. तीन बाजूंची तटबंदी निसर्गानेच बांधून दिलेली. माणसाने चौथी बाजू बांधली की काम भागले.

आणि ती चौथी बाजू बांधलेली होती. जुन्या तटाचे अवशेष आणि दगडी दरवाजा गावाच्या तोंडाशी अजून दिसतो. त्याच्या खांबांवर कोरीव काम आहे. गावात शिरल्यावर नजर जरा खाली ठेवा. कुठे घराच्या जोत्यात कोरीव दगड बसवलेला आहे, कुठे ओट्याच्या पायरीला खांबाचा तुकडा आहे. देवळाचा किंवा वाड्याचा दगड पडला, जवळच्या माणसाने उचलून घराला लावला, असे शतकानुशतके चालत आले. एका म्हाताऱ्या आप्पांना मी विचारले, "आप्पा, हा दगड कुठला?" ते म्हणाले, "मास्तर, हाऊ दगड आमना आजाना येयपाईन आठेच शे." आजाच्या वेळेपासून येथेच आहे, याच्यापलीकडे त्यांना काही सांगायचे नव्हते, आणि खरे पाहता त्यांचे उत्तर चुकीचेही नव्हते.

डोंगर चढू लागले की वाट पूर्वी नीट बांधलेली असावी हे कळते. मधल्या भागात बालेकिल्ला. पुढे वाटेवर सबंध कातळ उभा चिरून केलेली खिंड लागते. दोन्ही बाजूंना दगडाच्या भिंती, मध्ये दोन-चार माणसे जातील एवढी जागा. शत्रू आला तर त्याला रांगेनेच यावे लागणार. त्यापुढे डोंगराच्या पोटात खोदलेली दालने आहेत. काही लहान, काही चांगली प्रशस्त, काहींत खांब राखून ठेवलेले. गावची माणसे गवळीराजाच्या नावाने त्यांची गोष्ट सांगतात. खानदेशात ज्या ज्या जुन्या बांधकामाचा कर्ता ठाऊक नाही, ते सारे गवळीराजाच्या नाहीतर हेमाडपंताच्या नावावर जमा करण्याची रीत आहे. त्याबद्दल कोणी रागावू नये. कर्त्याचे नाव विसरले तरी कोणीतरी मोठे येथे होऊन गेले, एवढी आठवण त्या रीतीने टिकवली.

दालनांइतकीच बघण्याजोगी पाण्याची टाकी. शिक्षकांनी मुलांना गडावर नेले तर राजाच्या गोष्टीआधी ही टाकी दाखवावीत, असे माझे मत आहे. आपला खानदेशचा खडक काळा, बसाल्टाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून जो तप्त रस वाहिला, त्याचे थर एकावर एक बसत गेले. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, काही फुसके आणि बारीक छिद्रांचे. घट्ट थरात टाके खोदले तर पाणी राहते; सैल थरात खोदले तर दिवाळीपर्यंत कोरडे. म्हणजे टाके खोदणाऱ्याला खडकाची नाडी कळत होती. त्यातून निघालेला दगड वाया जात नसे. तोच तटाला, पायऱ्यांना लागे. एका कामात दोन कामे. पावसाळ्याचे चार महिने डोंगरावर पडलेले पाणी वळवून टाक्यात आणायचे आणि ते पुढे आठ महिने पुरवायचे, हा किल्ल्याचा खरा कारभार. तोफ नसली तर किल्ला काही काळ लढेल. पाणी नसले तर आठवडाभरही नाही.

याच ठिकाणी भूगोलाची आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. साक्री, नंदुरबार, धुळे या टापूत तुम्ही फिरलात तर शेतांमधून लांबच लांब, सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडांच्या अरुंद टेकड्या दिसतील. जणू कोणी तट घातला आहे. पण हा तट कोणा राजाने बांधलेला नाही. जमिनीच्या उभ्या भेगांत तो तप्त रस शिरला, तेथेच थिजला, आणि भोवतालचा मऊ खडक झिजून गेल्यावर ती भिंत उघडी पडली. भूशास्त्रज्ञांनी या टापूत अशा दोनशेहून अधिक भिंती नोंदल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक पूर्व-पश्चिम जातात, म्हणजे तापीच्या खोऱ्याला समांतर. शेतकऱ्याला त्यांचा संबंध रोजचा आहे. जमिनीखालच्या पाण्याला अशी भिंत आडवी आली की वरच्या अंगाच्या विहिरीला पाणी टिकते, आणि पलीकडची विहीर, शंभर पावलांवर असूनही, चैत्रात तळ दाखवते. शेजाऱ्याशेजाऱ्यांत त्यावरून काय काय बोलले जाते ते मी येथे सांगत नाही. दोष शेजाऱ्याचा नसून खडकाचा असतो एवढेच.

आता इतिहासाकडे वळू. भामेरच्या माणसाला विचाराल तर तो पहिल्याने सांगेल की ही भद्रावती नगरी, येथे युवनाश्व राजा राज्य करी, आणि धर्मराजाच्या अश्वमेधासाठी भीमाने येथूनच श्यामकर्ण घोडा नेला. कथा सुंदर आहे. जैमिनीच्या अश्वमेधात भद्रावती आणि तेथला राजा येतो हेही खरे. पण हीच कथा, याच राजासह, याच घोड्यासह, चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचे, म्हणजे जुन्या भांदकचे लोकही तितक्याच अभिमानाने सांगतात. घोडा एक आणि तबेले दोन! मला वाटते, यात कोण खरे याचा तंटा करू नये. डोंगर नालेच्या आकाराचा असला की घोडा आठवायचाच. मुलांना कथा कथा म्हणून सांगावी, आणि मग विचारावे : बाळांनो, लेखात काय सापडते?

लेखात जे सापडते ते कथेपेक्षा कमी मोलाचे नाही. देवगिरीचा यादव राजा सिंघण तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. त्याचा एक मोठा पराक्रमी सेनापती होता, खोलेश्वर. हा जातीने ब्राह्मण आणि धंद्याने लढवय्या. आंबेजोगाईला त्याच्या घराण्याचे शिलालेख आहेत. यादवांच्या त्या काळच्या विजयांत भंभागिरीचा लक्ष्मीदेव नावाच्या राजाचा पाडाव नोंदला आहे. हे भंभागिरी म्हणजे आपले भामेर, असे अभ्यासक मानतात. आणि हा लक्ष्मीदेव होता आभीर कुळातला.

श्रोतेहो, हा आभीर शब्द ऐकल्यावर खानदेशच्या माणसाने कान टवकारले पाहिजेत. आभीर म्हणजेच अहिर. नाशिकच्या पांडवलेण्यांत ईश्वरसेन नावाच्या आभीर राजाचा लेख आहे, तो तिसऱ्या शतकातला. म्हणजे सातवाहनांनंतर या बाजूला आभीरांचे राज्य झाले. त्यानंतर हजार वर्षांनी भामेरच्या डोंगरावर पुन्हा एक आभीर राजा भेटतो, आणि आज आपण बाजारात, शेतात, चुलीपाशी जी बोली बोलतो तिचे नाव अहिराणी. गवळीराजा म्हणून गावकरी ज्याची आठवण सांगतात, तोही गुरेवाला. आजही या डोंगरांच्या उतारांवर ठेलारी आपली मेंढरे चारताना दिसतात. मी असे म्हणत नाही की ही सारी एका वंशाची माळ आहे. तसे म्हणायला पुरावा हवा. पण गवताळ उताराचा हा मुलूख गुरे-मेंढरे राखणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या पोसत आला, हे डोळ्यांनी दिसते.

भामेरच्या त्या काळच्या वैभवाचा अंदाज करायचा तर पूर्वेला बुराई नदीकाठच्या बळसाण्याला जावे. तेही साक्री तालुक्यातलेच. तेथे जुन्या दगडी देवळांचा समूह आहे, कोरीव खांबांचा, नक्षीच्या छतांचा. तेथल्या मठात शके ११०६ चा, म्हणजे इ. स. ११८४ च्या सुमाराचा लेख आहे. सिंघणाच्या आधी एक-दोन पिढ्यांचा हा काळ. एवढे काम उभे करणारे पाथरवट, त्यांना पोसणारा धनी आणि त्या धन्याला पैसा पुरवणारा व्यापार, सारे या कोरड्या खोऱ्यात होते.

मग व्यापार आला कुठून? नकाशा समोर घ्या. पश्चिमेला सुरत आणि भडोचची बंदरे. मध्ये सह्याद्रीची उत्तरेकडची शेपटी. ती ओलांडायला कोंडाईबारीसारखी मोजकी बारी. बारी चढून आले की दहिवेल, साक्री, मग पुढे एक फाटा पूर्वेला बऱ्हाणपुराकडे, एक दक्षिणेला देवगिरी-पैठणकडे. सतराव्या शतकात ताव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला गेला. त्याने वाटेतली मुक्कामाची गावे लिहून ठेवली आहेत, आणि त्यांत नवापूर व पिंपळनेर येते. नवापूरच्या तांदळाची त्याने फार तारीफ केली आहे. दाणा बारीक, बर्फासारखा पांढरा, आणि वास कस्तुरीचा, असे तो सांगतो. परदेशी जवाहिऱ्या हिऱ्यांच्या शोधात निघाला आणि आमच्या शेजारच्या भातावर लुब्ध झाला, याची मला नेहमी गंमत वाटते.

अशा वाटेवर बैलांचे तांडे चालत. मीठ, कापड, धान्य, मसाला. तांड्याला रात्री निवारा हवा, पाणी हवे, चोरांपासून राखण हवी. ही तिन्ही जो देईल त्याला जकात मिळे. भामेरचा डोंगर म्हणजे ही राखण आणि ही जकात. किल्ल्याला लढाईपेक्षा वाटेने पोसले, असे मी म्हणेन.

पुढला राजकीय इतिहास भामेरपुरता थोडक्यात सांगतो, कारण सत्तेची मुख्य ठाणी दुसरीकडे गेली. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला थाळनेर आणि करवंद ही जहागीर दिली. त्यातून फारुकी घराणे निघाले. त्यांची पहिली राजधानी तापीकाठचे थाळनेर, पुढे बऱ्हाणपूर, आणि भक्कम आसरा अशीरगड. त्यांना गुजरातच्या सुलतानाकडून खान ही पदवी मिळाली, आणि खानांचा तो खानदेश अशी एक व्युत्पत्ती सांगतात. कान्हाचा देश तो कान्हदेश, अशी दुसरी. साक्रीच्या नदीचे नाव कान आहे, तेव्हा आमच्या गावचे लोक दुसऱ्या व्युत्पत्तीच्या बाजूने मत देतात, हे ओघाने आलेच. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला आणि फारुकी संपले. इकडे दक्षिणेला साल्हेर-मुल्हेरच्या बाजूला बागुल राजांचे बागलाण होते. तेही १६३८ मध्ये औरंगजेबाने, तेव्हा तो शाहजादा होता, मोगलांना जोडले. भामेर या खानदेश, बागलाण आणि नंदुरबार यांच्या सांध्यावर. सांध्यावरचे गाव सगळ्यांच्या नजरेत असते, पण घर कोणाचेच नसते.

मराठ्यांचा काळ गेला, आणि १८१८ उजाडले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत थाळनेरला जनरल हिस्लॉपच्या फौजेने किल्ला घेऊन किल्लेदाराला फाशी दिले. ती करुण हकीकत स्वतंत्र भाषणाची आहे. कॅप्टन ब्रिग्ज खानदेशचा कारभार पाहायला आला आणि त्याने धुळे हे ठाणे केले. नवी पेठ, नवे रस्ते, मुंबई-आग्रा सडक, सारे धुळ्याला. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी कागदांत आपला तालुका पिंपळनेर या नावाने येतो. ठाणे साक्रीला मागाहून आले. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याची आगगाडी नंदुरबार-दोंडाईच्यावरून गेली. माल तिकडे वळला. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९६० नंतर त्यांना जळगाव आणि धुळे म्हणू लागले, आणि १९९८ मध्ये नंदुरबारचा वेगळा जिल्हा झाला. या प्रत्येक फेरबदलात कोणते ना कोणते गाव वर आले. भामेर कशातच आले नाही.

लोक मला विचारतात, भामेर कोणी पाडले? कोणत्या बादशहाने? मला वाटते, भामेर कोणी पाडले नाही. वाट सरकली. तांडे थांबले, जकात थांबली, पाथरवट दुसरीकडे कामाला गेले, आणि वरची टाकी गाळाने भरू लागली. तोफेने पडलेल्या किल्ल्याची निदान तारीख तरी राहते. असा बसत गेलेला किल्ला कोणत्या साली संपला, हे कोणालाच सांगता येत नाही.

आता कामाची गोष्ट, आणि ही मी विशेषेकरून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना सांगतो. बळसाण्याची देवळे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षणाखाली घेतली आहेत. भामेरच्या घराघरांत विखुरलेला दगड मात्र कोणाच्या वहीत नाही. जुनी मातीची घरे मोडून सिमेंटची होत आहेत, आणि ती व्हायलाच हवीत. पावसाळ्यात गळक्या धाब्याखाली कोणी राहावे असे मी म्हणणार नाही. पण घर मोडताना जोत्यातला कोरीव दगड निघतो, आणि तो खडीबरोबर ट्रॅक्टरमध्ये जातो. एकदा गेला की तो कोणत्या गल्लीतला, कोणत्या दिशेला तोंड केलेला, हे कायमचे गेले. दगड परत सापडला तरी ते परत मिळत नाही.

म्हणून शाळेने एक वही करावी. शंभर पानी साधी वही पुरे. सातवी-आठवीची मुले दोन-दोनच्या जोडीने गल्ली वाटून घेतील. प्रत्येक दगडाला एक पान. कोणाच्या घरात, कोणत्या भिंतीत, लांबी-रुंदी किती, त्यावर काय कोरले आहे, फूल की घुंगूर की कीर्तिमुख, याचे जमेल तसे चित्र. आता बहुतेकांच्या घरी मोबाइल आहे, तर फोटो काढावा. पण माप फुटपट्टीनेच घ्यावे. अक्षरे दिसली तर हळद, चुना, खडू काही लावू नये, खरवडू नये. ओल्या फडक्याने पुसून, उन्ह तिरपे असताना, म्हणजे सकाळी नाहीतर दिवस मावळायच्या आधी, फोटो घ्यावा. तिरप्या उन्हात झिजलेले अक्षरही उठून दिसते. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून, तो दगडाबद्दल जे सांगेल ते त्याच्याच अहिराणीत लिहावे. शुद्ध मराठीत त्याचे भाषांतर करू नये. भाषांतरात निम्मे सांगणे गळून जाते.

घरमालकाला आधी एक गोष्ट नीट समजावून सांगावी लागेल. वही निघाली की लोकांना भीती वाटते, सरकार येईल, घर बांधू देणार नाही, किंवा दगडाखाली धन आहे अशी आवई उठेल. या धनाच्या आवईने खानदेशात अनेक जुन्या जागा रात्रीतून खणल्या गेल्या आहेत. तेव्हा वही ग्रामसभेत उघडपणे वाचून दाखवावी. ज्याला दगड घरात ठेवायचा नसेल त्याने तो शाळेच्या आवारात आणून ठेवावा, आणि कुठून आला ते मागे रंगाने न लिहिता वहीत लिहावे.

वहीची एक प्रत धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात द्यावी. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभे राहिले. ज्या माणसाने गावोगाव फिरून, माळ्यावरच्या धुळीतून दप्तरे गोळा केली, त्याच्या घरी भामेरच्या मुलांची वही शोभून दिसेल.

भामेरला जायचे तर कार्तिक ते माघ हा काळ चांगला. चैत्र-वैशाखात कातळ तापतो आणि लहान मुलांना चढण सोसत नाही. टाक्यांतले पाणी दिसायला स्वच्छ असले तरी पिऊ नये, आपले बरोबर न्यावे. वरच्या कड्यांना कठडा नाही, तेव्हा दहा मुलांमागे एक मोठे माणूस हवे. माथ्यावर पोहोचलात की पश्चिमेकडे पाहा. घाटाकडून येणारा वारा तेथे सतत वाहतो, आणि त्याच वाऱ्यावर साक्री तालुक्याच्या पठारांवर पवनचक्क्यांची पांढरी पाती फिरताना दिसतात. खाली नालेच्या पोटात गाव, उत्तरेला निजामपूर, आणि हवा निवळ असली तर धुळे-सुरत सडकेच्या बाजूची मालमोटारींची धूळही दिसते. परतताना वेळ उरला तर बळसाण्यावरून या. देवळांच्या छतावरची नक्षी पाहायला दुपारचे तीन-साडेतीनचे उन्ह बरे पडते.